पाटी हिरवीच होती

माझी सून नळांना पत्ते देते. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. वय झालंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं. पण तिचं काम खरंच ते आहे. शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक नळाला, प्रत्येक टाकीला, विहिरीला आणि विहिरीतून तपासायला नेलेल्या पाण्याच्या प्रत्येक नमुन्याला तिच्या सर्व्हरवर आपापला पत्ता आहे, आणि हे सगळे पत्ते एकमेकांना जोडलेले आहेत. हा नळ अमक्या टाकीचा, ती टाकी तमक्या विहिरीची, त्या विहिरीचं पाणी शेवटचं तपासलं तेव्हा असं असं निघालं. एका नळाला हात लावला की त्याचं सात पिढ्यांचं कूळमूळ कळतं.

मला यात पहिल्यापासून रस, कारण मीही उभा जन्म जोडण्यातच घालवला. टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते मी. कानाला हेडफोन, समोर स्विचबोर्ड, हातात वायरीची पिन. नंबर सांगा, जोडून देते. आजही कुणाचं नाव ऐकलं की मला आधी त्यांचा जुना नंबर आठवतो आणि मग चेहरा.

सुनेच्या सर्व्हरला दोन जातींची गिऱ्हाइकं प्रश्न विचारतात, माणसं आणि यंत्रं. माणसांना ती नीटनेटकं पान दाखवते, रंगीत, वाचायला सोपं. यंत्रांना तेच उत्तर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये जातं, नुसते कंस आणि अवतरणचिन्हं. मी एकदा डोकावले तर मला झुरळं पळाल्यासारखं दिसलं. ही यंत्रं म्हणजे मुख्यतः नळांवरच्या पाट्या. प्रत्येक नळाच्या डोक्यावर वहीएवढी एक चमकती पाटी असते. पाणी चांगलं असेल तर हिरवी, नसेल तर लाल. पाटी स्वतः काही तपासत नाही. ती सर्व्हरला विचारते आणि सर्व्हर सांगेल तो रंग धरते.

तर या पाट्या फार विचारायच्या. लहान मूल कसं एकसारखं "आलं का? आलं का?" करतं, तसं शहरभरच्या पाट्या रात्रंदिवस एकच प्रश्न. सर्व्हर दर थोड्या वेळानं धापा टाकून आडवा व्हायचा आणि सुनेला जेवणावरून उठावं लागायचं. शेवटी तिनं मध्ये कॅशे बसवला. म्हणजे एकदा दिलेलं उत्तर जवळ ठेवायचं आणि तोच प्रश्न पुन्हा आला की मागं न विचारता तेच पुढं करायचं. मला ते लगेच समजलं. आम्हाला लोक विचारत, सिनेमा किती वाजता सुटतो हो? आम्ही थिएटरला कशाला जोडतोय, तोंडपाठच असायचं. डॉक्टर घरी आहेत का, हे मात्र दर वेळी लाइन जोडूनच विचारायचं. सून म्हणाली, अगदी तसंच, आई. नळ कोणत्या टाकीचा हे वर्षानुवर्षं बदलत नाही, ते उत्तर आठवडाभर खुशाल ठेवायचं. तपासणीचा निकाल मात्र ताजाच विचारायचा.

त्यानंतर सर्व्हर शांत झाला. तिनं स्वतःसाठी कॉफी केली आणि माझ्यासमोर बसून ती गरम असताना प्यायली. आमच्या घरात हा प्रसंग विरळा.

आता त्या दिवसाचं सांगते.

मुलगा कामासाठी बाहेरगावी होता. सून मागच्या खोलीत काम करत होती आणि मी पुढच्या खोलीत शेंगा सोलत होते. लॅबमधून तिला फोन आला. खालच्या वस्तीला पाणी पुरवणाऱ्या विहिरीत नायट्रेट वाढलं होतं, शेतातलं खत झिरपून. निकाल त्यांनी नोंदवलाही होता. तिनं पान उघडून बघितलं. वस्तीचे सगळे नळ लाल. "गेलं बरोबर," ती आतून मला म्हणाली. आवाजात समाधान होतं. तिचं यंत्र चाललं होतं.

नायट्रेट म्हणजे काय ते तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. मोठ्या माणसाला त्या पाण्यानं सहसा काही होत नाही. पण वरच्या दुधावरची अगदी लहान बाळं असतात, त्यांच्या रक्ताला ते प्राणवायू धरू देत नाही आणि बाळ हळूहळू निळं पडतं. पाणी उकळावं तर ते आणखी वाईट, कारण पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं.

खालच्या वस्तीत सुनेची धाकटी बहीण राहते. तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. त्यांची आई लवकर गेली. धाकटीची वेणी घालण्यापासून तिच्या लग्नापर्यंत सगळं माझ्या सुनेनंच केलं. त्या धाकटीला मुलगा झालेला, जेमतेम दोन महिन्यांचा, आणि तिला दूध येत नव्हतं म्हणून बाटलीवर, पावडरचं दूध पाण्यात कालवून. पण ती शहाणी. पाटी बघितल्याशिवाय पाणी भरायची नाही. म्हणून निकाल ऐकूनही आम्ही दोघी निर्धास्त होतो. पाटी लाल दिसली की ती दुसरीकडून पाणी आणेल, एवढाच विचार.

तेवढ्यात सुनेच्या फोनवर धाकटीनं पाठवलेला फोटो आला. बाळ तोंडात बाटली धरून डोळे मिचकावतंय. सून तो मला दाखवायला बाहेर आली, मी हात पुसून चष्मा लावला, आणि तिनं फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. बाळाच्या मागं खिडकी होती, खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, रस्त्यावर नळ. नळावरची पाटी हिरवी होती.

ती आत पळाली, मी तिच्यामागं. तिनं तोच प्रश्न सर्व्हरला यंत्राच्या भाषेत विचारला. ती कंसांची झुरळं पडद्यावर आली आणि तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं जुनाच निकाल होता, गेल्या तपासणीचा. पान उघडणाऱ्या माणसाला लाल, विचारणाऱ्या पाटीला हिरवं. एकच नळ, एकच विहीर, दोन उत्तरं.

धाकटीला फोन लावला. बंद. बाळ झोपलं की ती फोन बंद करून स्वतःही आडवी होते, हे आम्हाला माहीत होतं. शेजारणीचा नंबर आहे का, मी विचारलं. शेजारच्यांचे नंबर हल्ली असतात कुणाकडे? आमच्या वेळी अख्ख्या इमारतीत एक फोन असायचा आणि तो वाजला की इमारत धावायची. आता प्रत्येकाच्या उशाशी फोन, आणि तो बंद.

सून पडद्याशी बोलत होती, माझ्याशी नव्हे. चूक तिला सापडली होती. माणसांच्या पानावर नळाची माहिती एकीकडून येते, विहिरीचा निकाल दुसरीकडून, दोन्ही वेगळे ठेवलेले. पण यंत्रांना दहा वेळा विचारायला लागू नये म्हणून तिनं सगळं एकाच पुडक्यात बांधून द्यायची सोय केली होती. नळ, टाकी, विहीर, निकाल, सगळं एकात एक. आणि पुडक्यावर टिकण्याची मुदत कुणाची? तर बाहेरच्या कागदाची, नळाची. एक आठवडा.

"मिठाच्या बरणीत दूध भरलं मी, आई," ती म्हणाली, "आणि वर तारीख मिठाची लावली."

तिनं सर्व्हरवरचं सगळं साठवलेलं पुसलं. पुन्हा विचारलं, आता उत्तर ताजं आलं. मी सुटकेचा श्वास टाकला. तिनं टाकला नाही. कारण पाट्यांनी ते पुडकं आपल्या पोटातही ठेवलेलं होतं. आठवडाभर विचारू नका असं तिनंच त्यांना सांगितलं होतं. "म्हणून त्या विचारत नाहीयेत," ती म्हणाली. "किती शहाण्या." आणि इथून त्यांच्या पोटातलं काढायला तिच्याकडे काही रस्ता नव्हता.

मी चप्पल पायात सरकवली. चल म्हटलं, टॅक्सीनं जाऊ.

"तुम्ही जा, आई."

"आणि तू?"

"मी गेले तर बाकीच्या बाटल्या कोण थांबवणार?"

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. पाठची बहीण, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली, तिच्या लेकराच्या तोंडात ते पाणी जातंय, आणि ही खुर्चीवरून उठत नाही. जाताना मी दार थोडं जोरात लावलं.

टॅक्सीवाला बोलका निघाला. मी लवकर, लवकर असं दोनदा म्हटल्यावर त्यानं आरशातून बघितलं. आजी, गाडीला चाकं आहेत, पंख लावायला सांगितलं नव्हतं कुणी, असं म्हणून त्यानं पुढच्या वळणावर गाडी उभीच केली. रस्ता खोदला होता. पाइप टाकायचं काम, आणि एका बाजूनं एका वेळी एकच गाडी. मी पर्सची चेन उघडत होते, बंद करत होते. सुनेला फोन लावला, ती दुसऱ्या कुणाशी बोलत होती. परत लावला, तेच. आमच्या वेळी एक सोय होती. अडचणीचा प्रसंग असेल तर ऑपरेटरला चालू बोलण्यात मध्ये शिरता यायचं. माफ करा, तातडीचं आहे, असं म्हणायचं, आणि लोक बिचारे गप्प बसायचे. आता मी कानाशी तो टूं-टूं आवाज धरून बसले होते आणि मध्ये शिरायला पिनही नव्हती, भोकही नव्हतं.

टॅक्सीवाल्यानं विचारलं, काय झालंय, दवाखान्याची घाई आहे का. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, गप्प बसून गुदमरत होते. त्यानं ऐकून घेतलं आणि रास्त प्रश्न विचारला: मग नळच का बंद करत नाहीत? मी म्हटलं, मोठ्यांना त्या पाण्यानं काही होत नाही, धुणंभांडी त्यावरच चालतात, म्हणून नियम एवढाच की पाटी लाल करायची. तो म्हणाला, "म्हणजे आजी, पाण्यापेक्षा पाटीच वाईट." आणि मग त्यानं खोदकामवाल्यांना शिव्या देत गाडी चिखलातून अशी काढली की माझं डोकं टपाला लागलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

वस्तीत उतरले तर नळावर बायकांची रांग होती. वर पाटी, स्वच्छ हिरवी, नुकतीच पुसल्यासारखी. मी म्हटलं, बायांनो, हे पाणी बाळांना देऊ नका. कुणी मागं वळून बघितलं नाही. पुन्हा मोठ्यानं म्हटलं. तेव्हा एक जाड वेणीवाली बाई, बादली नळाखाली धरलेली, हसून म्हणाली, "पाटी हिरवी आहे की आजी. दिसतंय ना नीट?" शेजारची म्हणाली, मोतीबिंदूत सगळं पिवळं दिसतं, तिच्या सासूलाही दिसायचं.

मी म्हटलं, पाटीचं चुकलंय. माझी सून तिथंच काम करते, पाणी खराब निघालंय. वेणीवाली म्हणाली, असू दे, आम्ही उकळूनच देतो. मी म्हटलं, उकळून जास्त वाईट होतं. यावर मात्र सगळी रांग हसली.

"उकळल्यावर वाईट," ती म्हणाली. "आता जाळल्यावर ओलं होतं म्हणा."

मी नळाच्या पुढं उभी राहिले. माझ्यासारखी एवढीशी म्हातारी किती जागा अडवणार? दोघींनी मला दंडाला धरून, अगदी मायेनं, सावलीत नेऊन उभं केलं. उन्हात थांबू नका हो आजी, चक्कर येईल. वेणीवालीनं बादली उचलली आणि ती समोरच्या दारातून आत गेली. आतून बाळ रडत होतं. मला तिच्यामागं जायला हवं होतं. पण माझे पाय जिन्याकडे वळले. धाकटी वर होती.

तिसरा मजला. दार वाजवलं. घंटी दाबली. पुन्हा दार वाजवलं, हाताच्या मुठीनं. आतून चिडून आलेली पावलं. धाकटीचे केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. "काकू? अहो, आत्ता झोपलाय तो." मग माझ्या मागं जिन्याकडे बघून, "ताई कुठंय?"

मी आत शिरून आधी पाळण्याशी गेले. खिडकीला निळा पडदा होता आणि त्यातून येणाऱ्या उजेडात सगळंच निळं होतं. भिंत निळी, माझे हात निळे, बाळाचे ओठ निळे. मी पडदा ओढला तर त्याची दोरी अडकली. तसंच बाळाला उचललं आणि जिन्याच्या उजेडात नेलं. तिथं ते मला कधी गुलाबी वाटायचं, कधी राखाडी. माझे डोळे, माझा चष्मा, जिन्यातला तो अर्धवट उजेड, कशाचाच भरवसा वाटेना. धाकटी मागं येऊन विचारत होती, काय झालं, काय झालं. मी एका दमात सांगितलं. ती मला मध्येच थांबवून म्हणाली, पण मी सकाळी पाटी बघितली होती. हिरवी होती. मी बघूनच भरलं होतं.

"हिरवीच होती," मी म्हटलं. "तुझं काही चुकलेलं नाही."

"मग कुणाचं चुकलं?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार? तिनं बाळाला माझ्याकडून घेतलं. त्याचे ओठ, नखं, पायाची बोटं बघितली. त्याला हुंगलं. नंतर म्हणाली, "आणि ताई आली नाही."

"तिथं तिला..."

"काकू, मी कामाचं विचारत नाहीये."

ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं, उकळून निवत ठेवलेलं. त्याच्या शेजारी रिकामी बाटली उपडी. मी पातेलं मोरीत ओतलं. पाणी किती स्वच्छ होतं म्हणून सांगू. धाकटीनं बाळाला शालीत गुंडाळायला घेतलं, दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच होता, आणि नेमकं त्याच वेळी पंखा थांबला.

थांबला म्हणजे फिरत फिरत मंदावला, पाती दिसायला लागली, आणि मग सगळ्या इमारतीतला तो नेहमीचा गुणगुणणारा आवाज गेला. खालून आरडाओरडा झाला. कुणाची तरी गिरणी थांबली होती, कुणाचा टीव्ही. वीजवाल्यांच्या नावानं जे काही बोलायचं ते लोक बोलत होते, काही तर मीही पहिल्यांदाच ऐकलं. मी खिडकीशी गेले, पडद्याच्या फटीतून खाली बघितलं. नळावरची पाटी विझली होती. काळी.

थोड्या वेळानं पंख्यानं एक गचका दिला आणि तो फिरायला लागला. पाटीवर एक पांढरा ठिपका आला, गोल गोल फिरला. ती विचारत होती. मग ती लाल झाली.

नळावरच्या बायका वर बघत उभ्या राहिल्या. एकीची कळशी भरून वाहत होती आणि कुणी नळ बंद करेना. एकदम सगळ्या पांगल्या. समोरच्या दारातून वेणीवाली बाहेर आली ती बाळाला छातीशी धरून, पायात चप्पल नाही, आणि वर माझ्या खिडकीकडे बघून तिनं ओरडून विचारलं, "आजी, कुठं नेऊ?"

आम्ही तिघी दोन बाळं घेऊन दवाखान्यात पोचलो. तिथली डॉक्टर तुटक बोलणारी बाई होती. बसा म्हणाली, एवढंच. तिनं बाळाच्या टाचेला सुई लावून रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घेतला आणि कागद हवेत हलवला. आम्ही काही विचारायच्या आत तीच म्हणाली, चांगलं रक्त हवा लागली की लालभडक होतं. न झालं तर आपल्याला पळायचं आहे. धाकटीनं माझा हात धरला होता. तिची नखं माझ्या हातात रुतली होती. थेंब सुरुवातीला काळपट दिसला. आम्ही बघत राहिलो. आयुष्यात एवढं टक लावून मी कशाकडेच बघितलं नसेल. कडेनं तो उजळला, मग मध्ये, आणि लाल झाला.

वेणीवालीच्या मुलीचा थेंब तपकिरी होता आणि तपकिरीच राहिला. डॉक्टरनं कागद दुसऱ्यांदा हलवलाच नाही, सरळ फोन उचलला. अँब्युलन्स लगेच आली. आत चढताना वेणीवाली माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, दार लागल्यामुळे ऐकू आलं नाही. मुलगी वाचली. संध्याकाळी डॉक्टरनं कळवलं, औषध शिरेतून दिलं आणि तासाभरात रंग आला. पाटी आणखी उशिरा लाल झाली असती तर काय, हे डॉक्टरनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सून आली ती दिवस कलल्यावर. दोन्ही हातांत पाण्याचे मोठे कॅन, तिसरा टॅक्सीवाल्यानं वर आणून दिला. धाकटीनं दार उघडलं आणि बाजूला सरली. ये म्हणाली नाही. सून दारातच उभी राहिली. मी म्हटलं, अगं आत ये, बाळ बरं आहे. ते तिला फोनवर कळलेलं होतंच.

तिनं सांगितलं, म्हणजे मला सांगितलं, ऐकवायचं होतं धाकटीला. पाट्यांच्या पोटातलं पुसायचा एकच मार्ग होता. वीज गेली की पाटी सगळं विसरते आणि पुन्हा चालू झाली की पहिल्यांदा सर्व्हरला विचारते. म्हणून तिनं वीज कंपनीच्या माणसाला फोन केला, खालच्या वस्तीची वीज मिनिटभर घालवा. तो म्हणाला, कशासाठी? ती म्हणाली, पाट्यांना विसरायला लावायचंय. त्यानं फोन ठेवला. दुसऱ्यांदा केला, तो म्हणाला, तुमच्या साहेबांची परवानगी आणा. साहेब मीटिंगमध्ये. ती घरून कॉम्प्युटरवरूनच त्या मीटिंगमध्ये शिरली, सगळ्यांसमोर म्हणाली, चूक माझी आहे, काय लिहून द्यायचं ते लिहून देते, आधी वीज घालवा. साहेबांनी विचारलं, थोडा वेळ थांबून दुसरा काही उपाय... तेव्हा तिनं तो फोटो सगळ्यांना पाठवला. बाळ, बाटली, मागं हिरवी पाटी. खालच्या वस्तीपाठोपाठ सगळ्या शहराची वीज भागाभागानं घालवावी लागली, कारण तसली पुडकी सगळ्याच पाट्यांच्या पोटात होती. दिवसभर ती फोनवर शिव्या खात होती.

"उद्यापासून मी कामावर असेन की नाही, माहीत नाही," ती म्हणाली.

धाकटी कॅनचं झाकण उघडून दूध करत होती. पाठ आमच्याकडे. ती म्हणाली, समोरच्या बाईची मुलगी अँब्युलन्सनं गेली.

"हो, कळलं."

"ती वाचली तुझ्यामुळं. मला कळतंय ते. मी काही मूर्ख नाही." चमचा पेल्यात फिरत होता, बराच वेळ. "पण ताई, मी दार उघडलं आणि मागं तू नव्हतीस."

मला वाटलं होतं, सून समजावेल. तिला समजावता येतं, मला पाण्याच्या गोत्रापासून सगळं तिनंच समजावलंय. पण ती खिडकीशी गेली, अडकलेल्या पडद्याची दोरी सोडवली आणि खाली बघत उभी राहिली. मग फोन काढून फोनवर बघितलं, परत खाली बघितलं. पाटी लाल होती. फोनवरही लाल. तरी ती बघतच होती, एकदा इकडे, एकदा तिकडे, जणू दोन्हींपैकी कुणीतरी पुन्हा फसवणार आहे. मी तिला बस म्हटलं. ती बसली आणि लगेच उठली.

बाळ जागं झालं, कुरकुरायला लागलं. बाटली तयार होती. धाकटीनं ती मनगटावर ओतून बघितली, पाळण्यातून बाळाला घेतलं आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"ती पाटी पुरे आता," ती म्हणाली. "याला घे. तू पाज."

सून पटकन वळली. "हात धुते आधी," असं म्हणून ती मोरीशी गेली, नळाला हात घातला आणि तिथंच थांबली. त्या पाण्यानं हात धुतल्यानं काही होत नाही हे या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा तिनंच सांगितलेलं. तिनं हात मागं घेतला. कॅन उचलला, तो जड होता, एका हातानं तिरका होईना. मी जाऊन कॅन धरला आणि ती त्याच्या धारेखाली हात चोळत राहिली, मागून पुढून, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत. बाळ तिकडे भुकेनं रडत होतं आणि धाकटी म्हणत होती, झाले गं धुऊन, ये आता.

"आणखी थोडं ओता, आई," सून म्हणाली.